ग्रेड केलेली स्पोर्ट्स कार्डं, त्यांतली कापाकापी आणि फसवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकी खेळाडूंची चित्रं छापलेली कार्डं जमवायला लागलेले लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी नव्याने उत्तरं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी ग्रेडर नाही आणि विक्रेताही नाही. साधा जमवणारा आहे, आणि एकदा चांगलाच ठेचकाळलेला आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

ग्रेडिंगमध्ये नक्की काय करतात?

तुम्ही कार्ड कंपनीकडे पाठवता. तिथली माणसं आधी दोन गोष्टी बघतात: कार्ड खरं आहे का आणि त्याच्यावर कुणी हात चालवलाय का. मग चार बाबी तपासतात. चित्र मधोमध छापलंय का (याला सगळे सेंटरिंगच म्हणतात), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. त्यावरून १ ते १० मधला अंक मिळतो. कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत जातं, डबीचे दोन भाग ध्वनिलहरींनी वितळवून सांधतात, वरच्या बाजूला लेबल आणि त्यावर सर्टिफिकेट नंबर. या डबीला स्लॅब म्हणतात. मराठीत स्लॅब पडतो तो घराचा, त्यामुळे ‘स्लॅब फोडला’ असं फोनवर बोललात तर घरचे दचकतात.

ग्रेडिंग कंपन्यांपैकी पीएसए १९९१ सालची, एसजीसी १९९८ची, बेकेटचं ग्रेडिंग १९९९चं. सीजीसी या धंद्यात बरीच नंतर आली. बेकेट चारही बाबींचे वेगळे अंक लेबलवर छापू शकते, पीएसए एकच अंक देते.

एका अंकासाठी कुणी एवढा खटाटोप का करेल?

कारण पैसा अंकाला मिळतो. फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातलं मायकल जॉर्डनचं ५७ नंबरचं कार्ड घ्या. जानेवारी २०२१ मध्ये त्याची पीएसए १० ग्रेडची प्रत ७,३८,००० डॉलरला गेली. ९ ग्रेडची प्रत तेव्हाही त्या रकमेच्या छोट्याशा हिश्श्यात मिळत होती. दोन्ही कार्डं स्लॅबबाहेर काढून शेजारी शेजारी ठेवली तर दहातल्या नऊ माणसांना फरक सांगता येणार नाही. फरक सांगता येत नाही आणि पैसे मात्र कितीतरी पट, अशी जागा दिसली की तिथे कात्री घेऊन कुणीतरी बसणारच.

फेरफार कशाला म्हणायचं? धूळ पुसली तरी फेरफार का?

इथे सगळ्यांचं एकमत नाही आणि कधी होईल असं वाटतही नाही. बहुतेक जण मान्य करतात ते सांगतो.

कड कापणं, रंग भरणं, फाटलेला कोपरा कागदाचे तंतू लावून उभा करणं, मागचा कागद बदलणं, सुरकुती दाबून सपाट करणं, रसायनाने डाग घालवणं, हे सगळं फेरफारात येतं. हे लपवून विकणं म्हणजे फसवणूक.

वरची धूळ फुंकणं, मऊ कापडाने बोटाचा ठसा पुसणं याला कुणी काही म्हणत नाही. जुन्या मेणकागदी पाकिटांतून निघालेल्या कार्डांवर मेणाचा थर असायचा. तो नायलॉनच्या स्टॉकिंगने हलक्या हाताने घासून काढायची युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि बहुतेकांना ती चालते. शंभर वर्षांपूर्वीचं, वहीत डिंकाने चिकटवलेलं कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणंही बरेच जण गैर मानत नाहीत. पाण्याच्या जागी ब्लीच आलं की मग सगळेच भुवया उंचावतात.

माझी स्वतःची कसोटी सोपी आहे. जे केलं ते विकताना मोकळेपणाने सांगायची तयारी असेल तर ती निगा. सांगताना जीभ अडखळत असेल तर तो फेरफार.

कड कापली असेल तर फूटपट्टीने मोजून कळेल की!

सगळ्यांना असंच वाटतं. मलाही वाटायचं. हाच प्रश्न नीट समजून घेतलात तर बाकीचं अर्धं आपोआप समजेल.

१९५७ पासून टॉप्स कंपनीच्या कार्डाचं ठरलेलं माप अडीच इंच बाय साडेतीन इंच आहे. त्याआधी, १९५२ ते १९५६, कार्डं थोडी मोठी होती: २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. पण हे माप कागदावरचं. कारखान्यात मोठमोठे ताव गठ्ठ्याने कापले जायचे, पातं बोथट व्हायचं, गठ्ठा सरकायचा. त्यामुळे काही कार्डं मापापेक्षा केसभर लहान निघाली आणि काही केसभर मोठी.

कार्ड डॉक्टर, म्हणजे असा फेरफार करणारा माणूस, शोधतो तो हीच मोठी कार्डं. समजा एखादं कार्ड मापापेक्षा अर्धा मिलिमीटर रुंद आहे, चित्राच्या डावीकडची मोकळी पट्टी २ मिलिमीटर आणि उजवीकडची ३. म्हणजे सेंटरिंग ४०–६०. उजवीकडून नेमका तो अर्धा मिलिमीटर उडवला की पट्ट्या २ आणि अडीच, सेंटरिंग ४४–५६ च्या घरात. शिवाय उजवीकडचे दोन मऊ पडलेले कोपरे गेले आणि त्यांच्या जागी सुरीसारखे ताजे कोपरे आले. आणि कार्ड मोजलं तर? बरोबर मापात. फूटपट्टीने काम चोख केलं, चोर मात्र दुसऱ्याच दाराने गेला.

माप लहान भरलं तर ग्रेडिंग कंपनी कार्ड परत पाठवते, ते सोपं आहे. मापात बसणारं कापलेलं कार्ड कडेवरूनच ओळखावं लागतं. चारही कडा एकाच वयाच्या दिसतात का? तीन कडा पिवळसर, किंचित मळलेल्या आणि चौथीच पांढरीशुभ्र असेल तर ती काल जन्मली. भिंगाखाली कारखान्याच्या कापात तंतू एका दिशेला दबलेले दिसतात. हातातल्या पात्याचा काप वेगळा दिसतो, कधी कड मध्येच हलकी लाट मारते, कधी कोपऱ्याशी आकड्यासारखं टोक राहतं.

उलटाही प्रकार आहे. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीची जुनी हॉकी कार्डं तारेने कापली जायची, त्यामुळे त्यांच्या कडा मुळातच खरबरीत असतात. १९७९ सालचं वेन ग्रेट्झ्कीचं पहिलं कार्ड त्याच कंपनीचं. अशा कार्डाच्या चारही कडा गुळगुळीत दिसल्या तर आनंद मानायच्या आधी थांबा. नवखा माणूस खरबरीत कड नाकारतो आणि कापलेली पसंत करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बेसबॉलपटू होनस वॅगनरचं सगळ्यांत गाजलेलं कार्ड कापलेलं होतं, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. कोर्टात कबूल झालेली आहे.

टी२०६ हा संच अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांत घालून वाटला. पिट्सबर्गच्या होनस वॅगनरचं कार्ड त्यात अगदी थोडं छापलं गेलं. त्यातली जी प्रत सगळ्यांत देखणी म्हणून जगभर गाजली, ती १९८५ मध्ये बिल मास्ट्रो या विक्रेत्याने २५,००० डॉलरला घेतली आणि १९८७ मध्ये १,१०,००० ला विकली. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी तिच्यासाठी ४,५१,००० डॉलर मोजले. त्याच वर्षी पीएसए सुरू झाली आणि तिने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड हेच. ग्रेड मिळाला ८. इतक्या जुन्या वॅगनरला ८!

पुढे वॉलमार्टने ते एका सोडतीत बक्षीस ठेवलं, ते फ्लोरिडातल्या एका पोस्ट कर्मचारी बाईंना लागलं, तिथून हात बदलत बदलत २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरवर गेलं. कड कापलेली आहे अशी कुजबुज इतकी वर्षं सुरूच होती. कार्ड हाताळलेले लोक खासगीत बोलत आणि लिलावाच्या छापील पुस्तकात मात्र त्याचा उल्लेख नसे.

२०१३ मध्ये मास्ट्रोने फेडरल कोर्टात टपालामार्फत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्यात हेही मान्य केलं की वॅगनरच्या बाजूच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. खटल्यात खोट्या बोल्या लावून लिलावाची किंमत फुगवणं हाही मोठा भाग होता, निव्वळ कात्रीसाठी तो आत गेला असं समजू नका.

कबुली आली तोवर हे कार्ड २२ वर्षं ८ च्या ग्रेडने ओळखलं जात होतं. त्या प्लास्टिककडे बघून लाखो डॉलर हात बदलत राहिले.

हा एक अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही का?

२०१९ पर्यंत पुष्कळ जण तसंच म्हणायचे. त्या वर्षी काही चिकाटीच्या जमवणाऱ्यांनी जुन्या लिलावांचे फोटो आणि नंतर जास्त ग्रेडने विकल्या गेलेल्या कार्डांचे फोटो शेजारी लावायला सुरुवात केली. कागदावरच्या छपाईचे ठिपके, शाईचा एखादा पडलेला थेंब, कागदातला तंतू या खुणा प्रत्येक प्रतीवर वेगळ्या असतात. खुणा जुळल्या म्हणजे कार्ड तेच. फक्त मधल्या काळात पट्टी अरुंद झालेली, नाहीतर कोपरा टोकदार झालेला, नाहीतर डाग गायब. अशी एकदोन नाही, ढिगाने उदाहरणं निघाली आणि त्यांत नावाजलेल्या कंपन्यांच्या स्लॅबमधली कार्डं होती. जुलै २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एफबीआय या प्रकाराचा तपास करत असल्याची बातमी दिली.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की हे शोधून काढणाऱ्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते. रात्री जागून फोटो जुळवणारी हौशी माणसं होती ती.

पण कंपनीत तज्ज्ञ बसलेले असतात ना? त्यांना कसं दिसत नाही?

काही वेळा खरंच दिसण्यासारखं नसतं. चांगल्या डॉक्टरने मोठ्या कार्डावर केलेलं काम कार्ड पूर्वी कसं होतं ते माहीत नसताना ओळखणं फार अवघड. त्यात कामाचा रेटा. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा इतका ढीग साचला की पीएसएला आपल्या स्वस्तातल्या बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. अशा रांगेत एकेका कार्डाच्या वाट्याला किती वेळ येत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पण मला विचाराल तर अडचण डोळ्यांपेक्षा हितसंबंधांत आहे. स्लॅब एकदा बंद झाला की आतली खोट उघडकीला यावी असं कुणाला वाटतं? मालकाला नाही, त्याचे पैसे बुडतील. विक्रेत्याला नाही, त्याला माल खपवायचाय. लिलाव करणाऱ्याला नाही, त्याचं कमिशन ग्रेडवर अवलंबून. कंपनीने चूक मान्य केली तर भरपाई तिच्याच खिशातून जाते. डॉक्टर तर केव्हाच पैसे घेऊन मोकळा झालाय. राहतो तो पुढचा खरेदीदार, आणि त्याने घेतलं की दुसऱ्या दिवसापासून तोही मालकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. काल शंका काढणारा माणूस आज ‘कंपनीने पास केलंय ना’ म्हणायला लागतो. स्लॅबमध्ये कार्डाबरोबर चूकही बंद होते आणि चावी घेऊन कुणी पुढे येत नाही.

कंपन्यांना अगदीच चाड नाही असंही म्हणणार नाही. कितीतरी कार्डं त्या नाकारतात. कापलेलं, रंगवलेलं, मापात न बसणारं, अशा कारणांसाठी पीएसएचे ठरलेले कोडच आहेत आणि कडा कापल्याचा पुरावा हा त्यांतला पहिलाच, एन१. जे नाकारलं गेलं ते आपल्याला कुठे दिसतं? आपल्यापर्यंत येतं ते निसटलेलं.

एका कंपनीने नाकारलेलं कार्ड दुसरीकडे पास होऊ शकतं?

होतं. त्याच कंपनीकडे दुसऱ्यांदा पाठवल्यावरही होतं. डॉक्टरांचा धंदा यावरच चालतो: दहा पाठवायची, चार परत आली तर पुन्हा पाठवायची. ग्रेड हे माणसाने दिलेलं मत आहे आणि मत सोमवारी एक, गुरुवारी दुसरं असू शकतं.

२०२१ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीने जेनामिंट नावाची कंपनी विकत घेतली. तिचं तंत्र प्रत्येक कार्डाचा अंगठ्याच्या ठशासारखा डिजिटल ठसा नोंदवतं, म्हणजे तेच कार्ड कापून, रंगवून परत आलं तर यंत्र ओळखेल. कल्पना उत्तम. पण जे कार्ड पहिल्यांदाच आलं आणि येण्याआधीच कापलेलं होतं, त्याच्याबाबत यंत्राकडे तुलनेला काही नाही.

रंग भरलेला कसा ओळखायचा? (आणि माझी ठेच)

काळ्या किंवा गडद पट्टीच्या कार्डांवर हा रोग जास्त. १९७१ च्या टॉप्स बेसबॉल संचाला चहूबाजूंनी काळी चौकट आहे. ती बोट लागलं तरी उडते आणि खालचा पांढरा कागद टिकल्यांसारखा दिसायला लागतो. त्यामुळे त्या संचाची चांगली प्रत महाग, आणि काळं मार्कर पेन स्वस्त.

माझ्याकडे त्या संचातल्या एका पिचरचं ७ ग्रेडचं कार्ड होतं. दोन वर्षं कपाटात होतं, अधूनमधून काढून खूश होत होतो. एकदा खिडकीपाशी धरून सहज तिरकं केलं तर खालची उजवी कड निळसर जांभळी चमकली. बाकी चौकट मंद काळी, ती कड मात्र पेट्रोलच्या थेंबासारखी. स्लॅबमधून भिंग लावलं तर शाई कागदाच्या पोटात झिरपलेली दिसली. छपाईची शाई वर बसते, मार्करची आत मुरते.

मग जुन्या लिलावांचे फोटो चाळत बसलो. या कार्डावर खेळाडूच्या टोपीशेजारी छपाईत राहिलेला एक पांढरा ठिपका आहे, मधोमध बारीक काळा बिंदू असलेला, माशाच्या डोळ्यासारखा. अकराव्या का बाराव्या रात्री तोच डोळा एका सहा वर्षं जुन्या फोटोतून माझ्याकडे बघत होता. स्लॅब नव्हता, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा टवका होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर एका ओळीचं: विकताना ते स्लॅबमध्येच होतं. खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

सुरकुत्या दाबून घालवलेल्या?

दाबून, दमट करून सपाट केलेली सुरकुती काही काळ दिसेनाशी होते आणि स्लॅबच्या आत वर्षा–दोन वर्षांनी हळूच परत उगवू शकते. कागदाचे तुटलेले तंतू काही सांधले जात नाहीत. टॉर्च अगदी आडवा, कार्डाच्या पातळीत धरून प्रकाश टाका. समोरून जे सपाट दिसतं त्याच्यावर सावलीची रेघ उमटते.

नवीन कार्डांमध्ये तरी हे नसेल?

नवीन कार्डांत रोग नवीन. चकचकीत क्रोम कार्डांचे ओरखडे पॉलिशने घालवतात. कडा कापणं तिथेही चालतं. पण नव्या कार्डांचा खास प्रकार म्हणजे कापडाची अदलाबदल. खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं येतात. साधा एकरंगी तुकडा असेल तर भाव बेताचा, तीन–चार रंगांचा, शिवणीसकट असेल तर भाव चढा. साधा तुकडा उचकटून तिथे दुसरा रंगीत तुकडा बसवणारे महाभाग आहेत. अशा कार्डांवर बहुधा २५ पैकी १२ असा अनुक्रमांक असतो, त्यामुळे तोच क्रमांक पूर्वी कुठे विकला गेला होता का ते शोधा. जुन्या फोटोत तुकडा पांढरा असेल आणि आज तिरंगी, तर आणखी पुरावा कशाला हवा?

स्लॅबच बनावट असेल तर?

असतात. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी वॉशिंग्टन राज्यातल्या दोघांवर आरोप ठेवले: बनावट स्लॅब आणि बनावट लेबलं वापरून कमी प्रतीची कार्डं वरच्या ग्रेडची म्हणून विकायची, एकूण व्यवहार २० लाख डॉलरहून जास्त. त्यात जॉर्डनचं १९८६ चं कार्डही होतं. असणारच.

दुसरी पद्धत म्हणजे खरा स्लॅब अलगद उघडून आतलं कार्ड बदलायचं. सांध्यावर पांढुरकी धूसर रेघ, खरवडल्याच्या खुणा, कोपऱ्यात फट किंवा गोंदाचा थेंब दिसला तर हात आखडता घ्या.

सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, बरोबर आला. आता तरी निश्चिंत?

नाही. बनावट लेबल छापणारा मनाने नंबर कशाला टाकेल? तो खऱ्या कार्डाचा खरा नंबर उचलतो. नंबर जुळल्याने एवढंच कळतं की असं एक कार्ड कुठेतरी आहे. साइटवर त्या नंबराचा फोटो असेल तर खरी तपासणी तिथे सुरू होते. पट्ट्यांची रुंदी, ठिपके, कोपरे जुळवा. खेळाडूचा चेहरा जुळवू नका, तो सगळ्याच प्रतींवर सारखा असतो.

एखाद्या ग्रेडची किती कार्डं आहेत हा कंपनीचा आकडा विश्वासार्ह आहे का?

साधारण कल्पना येण्यापुरता. ९ चं कार्ड १० होईल या आशेने लोक स्लॅब फोडून पुन्हा पाठवतात आणि जुनं लेबल कंपनीला परत करत नाहीत. मग एकच कार्ड यादीत तीनदा मोजलं जातं.

घरी तपासणीसाठी काय ठेवू?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च आणि अतिनील प्रकाशाचा दिवा. एवढ्यावर भागतं.

भिंगाचा पहिला उपयोग छपाई बघायला. खऱ्या जुन्या कार्डावर चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग, भरीव शाईच्या असतात. नकली कार्ड बहुधा खऱ्याचा स्कॅन करून छापतात, त्यामुळे अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात. हे एकदा शेजारी ठेवून बघा, जन्मभर विसरणार नाही.

अतिनील दिव्याचं कारण कागदाच्या इतिहासात आहे. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे १९१० चं म्हणून हातात आलेलं कार्ड दिव्याखाली धुतल्या धोतरासारखं निळंपांढरं झळकलं, तर त्याचा कागद तरी त्या काळचा नाही किंवा त्याच्यावर काहीतरी फासलेलं आहे. उलट बाजू मात्र धरू नका. झळकलं नाही म्हणजे खरं, असं होत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवणारे लोकही आहेत.

कार्ड कापणं हा गुन्हा आहे का?

स्वतःचं कार्ड आहे, कापा नाहीतर त्याची होडी करा. अमेरिकेत गुन्हा होतो तो हे लपवून, दुसऱ्याला फसवून पैसे घेतल्यावर. टपाल किंवा इंटरनेट वापरलं असेल तर मामला फेडरल कोर्टात जाऊ शकतो, मास्ट्रोचा गेला तसा. पण फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. कापणारा एक, कंपनीला पाठवणारा दुसरा, विकणारा तिसरा, आणि प्रत्येक जण ‘मला काय माहीत’ म्हणायला मोकळा.

माझ्या स्लॅबमधल्या कार्डाबद्दल शंका आहे. फोडून बघू का?

अजिबात नको. हे उत्तर मोठ्या अक्षरात वाचा. पीएसएसारख्या कंपन्या ग्रेड चुकला किंवा फेरफार नजरेतून सुटला तर भरपाईची हमी देतात, पण ती हमी बंद स्लॅबला असते. फोडलात की कंपनी म्हणणार, कात्री तुम्हीच चालवली नाही कशावरून? त्यांचं म्हणणं खोडताही येणार नाही.

आहे तसं, पुराव्याच्या फोटोंसह कंपनीकडे फेरतपासणीला पाठवा. घेतलं कुठून, कितीला, कधी, याच्या पावत्या जोडा. विक्रेत्याशी जे बोलायचं ते लेखी बोला. आणि निकाल लागेपर्यंत ते दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. शंका न सांगता विकलंत तर त्या रांगेतले पुढचे तुम्ही.

एवढं सगळं ऐकल्यावर ग्रेड केलेली कार्डं घ्यायचीच नाहीत का?

मी घेतो. न ग्रेड केलेल्या महागड्या कार्डांत नकलींचा सुळसुळाट याहून वाईट आहे आणि स्लॅबमुळे निदान ढोबळ लबाडी गाळली जाते. फक्त आता लेबल अंगठ्याखाली झाकून आधी कार्ड बघतो. विक्रेत्याकडून चारही कडांचे आणि मागच्या बाजूचे मोठे फोटो मागतो. जे द्यायला कुरकुर करतात त्यांच्याकडून घेत नाही. १० आणि ९ मधल्या फरकासाठी पैसे मोजायचे मी पूर्ण बंद केले आहेत, कारण तो फरक मला स्वतःला दिसत नाही. हे माझ्यापुरतं, तुमची नजर माझ्याहून तयार असेल.

आणि हातात आलेलं प्रत्येक कार्ड, कितीही किरकोळ असो, दोन्ही बाजूंनी स्कॅन करून तारखेसह ठेवतो. उद्या ते विकलं गेलं आणि कुणी त्याच्यावर हात चालवला तर निदान एक जुना फोटो कुठेतरी असेल.

तुमच्या त्या १९७१ च्या कार्डाचं शेवटी काय झालं?

फेरतपासणीला पाठवलं. सात आठवड्यांनी पाकीट आलं. ७ चा आकडा गेला होता आणि नव्या लेबलवर कार्ड अस्सल पण फेरफार केलेलं अशी नोंद होती. भरपाई मिळाली, मी मोजलेल्या पैशांपेक्षा थोडी कमी. आता त्याला विकून फार काही येणार नाही, म्हणून विकलं नाही. नवीन कुणी शिकायला आलं की तेच कार्ड हातात देतो आणि म्हणतो, खिडकीपाशी जा आणि तिरकं करून बघ. बहुतेकांना पहिल्या खेपेला काहीच दिसत नाही.